९४४ भागिले २४

आमच्या घरात काही आकडे सगळ्यांना पाठ आहेत. गॅस एजन्सीचा नंबर, बाबांचा पीएफ नंबर आणि ९४४. मी २००५ ची. २६ जुलैला मी काही महिन्यांची होते, त्यामुळे मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. पण दर पावसाळ्यात बाबा अंधेरीहून चालत निघाल्याची गोष्ट होते. ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, आणि आईने त्यांना आधी ओळखलंच नाही! गोष्टीचा शेवट ठरलेला. बाबा म्हणतात, "नऊशे चव्वेचाळीस मिलिमीटर. चोवीस तासांत." मग सगळे दोन मिनिटं गप्प.

हा आकडा मला इतका पाठ होता की हायड्रॉलॉजीच्या व्हायवाला सरांनी २६ जुलैचा विषय काढला तेव्हा मी मनात म्हटलं, चला, आज सुटलो. सर म्हणाले, "तासाला सरासरी किती पडला सांग." ९४४ भागिले २४. "३९ पॉइंट ३, सर." "आणि मुंबईच्या नव्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला किती पावसासाठी?" "पन्नास मिलिमीटर, सर." सर हसले. "म्हणजे पन्नासची गटारं तेव्हाच बांधून झाली असती, तर मुंबई बुडलीच नसती. एकोणचाळीस पन्नासपेक्षा लहान. बरोबर?"

मित्रहो, मी गप्प बसले. भागाकार बरोबर होता, तुलना बरोबर होती, उत्तर मात्र साफ चुकलेलं होतं, आणि नक्की कुठे चुकलं ते सांगता येईना. मार्क किती मिळाले ते विचारू नका. पण तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख. माझं म्हणणं एका ओळीत असं : पावसाचा आकडा सांगताना आपण वेळ नीट सांगत नाही, आणि शहरं तिथेच बुडतात.

आता चूक कुठे होती ते बघू. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. पण तो चोवीस तासांत सारखा वाटून पडला नव्हता. दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात सुमारे १९० मिमी पडला. म्हणजे सरासरीच्या जवळजवळ पाचपट. शहर बुडवलं ते या तासाने आणि त्याच्या आजूबाजूच्या काही तासांनी. त्यात भरतीची वेळ आली, समुद्राने दार बंद केलं. रात्री बाबा पाण्यातून चालत होते ते दुपारचं पाणी होतं.

१९० म्हणजे किती ते बघायला सोपा हिशेब आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एक हेक्टर, म्हणजे फुटबॉलच्या ग्राउंडपेक्षा थोडी मोठी जागा घ्या. तिच्यावर एक मिमी पाऊस पडला की दहा हजार लिटर. पाण्याचा एक मोठा टँकर! तर २६ जुलैला त्या तासात प्रत्येक हेक्टरवर १९० टँकर रिकामे झाले. पन्नास मिमीचं गटार असेल आणि ते पूर्ण स्वच्छ असेल, तर तासाला पन्नास टँकर नेणार. उरलेले एकशे चाळीस जाणार कुठे? गल्लीत. सपाट जागा असेल तर घोटाभर पाणी, आणि खोलगट भाग असेल तर वरच्या चार गल्ल्यांचं पाणीसुद्धा तिथेच.

आणि २००५ साली तर पन्नासचीही गटारं नव्हती. जुनी व्यवस्था तासाला २५ मिमी पावसासाठी होती, तीही ओहोटीच्या वेळी. शिवाय त्या हिशेबात असं धरलेलं होतं की पडलेल्या पाण्यातलं अर्धं जमिनीत मुरेल. एके काळी ते खरंही असेल. आता शहरात पाणी मुरायला माती शिल्लक आहे कुठे? १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालात २५ चे ५० झाले आणि मुरणारं पाणी शून्य धरलं गेलं. म्हणजे दिसायला आकडा दुप्पट, पण गटाराने न्यायचं पाणी चौपट. अहवाल १९९३ चा आणि पाऊस २००५ चा. मधली बारा वर्षं कुठे गेली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता मूळ मुद्दा. चोवीस तासांचा आकडा माहीत असेल, तर एका तासाचा जास्तीत जास्त पाऊस किती असेल ते सांगता येईल का? नुसतं २४ ने भागलं तर ३९ येतात, ते खोटं ठरलं. मग कशाने भागायचं?

याचं उत्तर मला एका जुन्या आलेखात सापडलं. जेनिंग्ज नावाच्या अमेरिकन हवामान अभ्यासकाने १९५० साली जगभरातल्या विक्रमी पावसाचे आकडे एकत्र मांडले. काही मिनिटांतला विक्रम, काही तासांतला, एका दिवसातला, महिन्यातला, वर्षातला. हे सगळे आकडे लॉग-लॉग ग्राफ पेपरवर टाकले (तोच तो, जर्नलसाठी आपण स्टेशनरीवाल्याकडून आणतो आणि अर्धा फुकट घालवतो), तर त्यांची वरची कड जवळजवळ एका सरळ रेषेत येते. त्या रेषेचा चढ साधारण अर्धा. लॉग-लॉगवर अर्धा चढ म्हणजे वर्गमूळ. वेळ चौपट केली की विक्रमी पाऊस दुप्पट होतो. वेळ शंभरपट केली तर दहापट.

माझा विश्वास बसेना, म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसले. तुम्हीही बसा, पाच मिनिटांचं काम आहे. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या होल्ट गावी १९४७ साली ४२ मिनिटांत ३०५ मिमी पाऊस पडला. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर फॉक-फॉक इथे १९६६ साली २४ तासांत १,८२५ मिमी पडला. चोवीस तास म्हणजे ४२ मिनिटांच्या ३४ पट. ३४ चं वर्गमूळ ५.८. आणि १,८२५ भागिले ३०५? सहाच्या जवळ! अमेरिकेतल्या एका गावातलं वादळ आणि हिंदी महासागरातलं चक्रीवादळ, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी आकडे एकाच रेषेवर.

आता आपलं चेरापुंजी घ्या. जुलै १८६१ मध्ये तिथे एका महिन्यात ९,३०० मिमी पाऊस पडला. रियुनियनच्या एका दिवसाच्या तो पाचपट आहे, आणि ३१ चं वर्गमूळ साडेपाच. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या वर्षभरात चेरापुंजीला २६,४६१ मिमी पडला, म्हणजे त्या एका दिवसाच्या साडेचौदापट. ३६५ चं वर्गमूळ मात्र १९. इथे रेषेच्या थोडं खाली आलो, कारण वर्षभर काही पाऊस पडत नाही, हिवाळा मध्ये येतोच. तरीसुद्धा ४२ मिनिटांपासून एक वर्षापर्यंत एकच नियम इतका जवळ जातो, हे बघून मला अकरावीत पहिल्यांदा पेंड्युलमचा प्रयोग जमला होता तेव्हासारखं वाटलं.

असं का होतं? पाऊस गुच्छांनी पडतो म्हणून. जुलै महिन्याचा दिवसवार तक्ता बघा. एकतीस दिवस सारखे नसतात, चार-पाच दिवस बाकी सगळ्यांवर भारी असतात. त्यातला एक दिवस घ्या आणि तासवार बघा. पुन्हा तेच, दोन-तीन तास भारी. त्यातला एक तास मिनिटवार बघा. पुन्हा तेच! भिंग बदललं तरी चित्र तसंच. किनाऱ्याचा नकाशा कितीही जवळून पाहिला तरी तो वाकडातिकडाच दिसतो, तसंच. मॅन्डेलब्रॉट यांनी अशा आकारांना १९७५ साली 'फ्रॅक्टल' हे नाव दिलं. १९८२ साली लव्हजॉय यांनी ढगांच्या आणि पावसाच्या क्षेत्रांच्या कडा मोजल्या. एक चौरस किलोमीटरच्या तुकड्यापासून दहा लाख चौरस किलोमीटरच्या ढगापर्यंत सगळ्यांच्या कडा सारख्याच प्रमाणात वेड्यावाकड्या निघाल्या. आणि त्यासाठी उपग्रहाची जी चित्रं वापरली ती आपल्याच हिंदी महासागरावरची होती.

हे वाचताना मला एक गंमत जाणवली. मी कॉन्व्हेंटची. शाळेत पाऊस म्हटला की आम्हाला कुत्री-मांजरं पडायची तेवढी माहीत. पण आजीच्या बोलण्यात पावसाला वीस शब्द आहेत, आणि नीट ऐकलं तर त्यातल्या बऱ्याच शब्दांत वेळ लपलेली असते. 'सर' आली म्हणजे छत्री न उघडता आडोशाला थांबायचं, दहा मिनिटांत जाणार. 'झड' लागली म्हणजे कपडे दोन दिवस वाळत नाहीत. 'रिपरिप' म्हणजे जोर कमी, पण संपता संपत नाही. शेतकऱ्याचं नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा! आजीने कधी 'मिलिमीटर' हा शब्द वापरला नाही, पण किती वेळाचा पाऊस हे न सांगता ती पावसाबद्दल बोलतच नाही. बोलतो आम्ही इंजिनिअर. "पाऊस किती? ९४४."

खरं तर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं. मुंबईला पाणी देणारे सात तलाव अख्खा मोसम मोजतात. त्यांना जुलै कमी गेला तरी ऑगस्ट चालतो. शेताचं घड्याळ पंधरवड्याचं. मिठीसारख्या नदीचं काही तासांचं. आणि तुमच्या-माझ्या गल्लीतल्या गटाराचं? दहा-पंधरा मिनिटांचं. सर्वात लांबच्या गच्चीवर पडलेला थेंब गटाराच्या तोंडाशी यायला जितका वेळ लागतो, त्याला आपण पुस्तकात 'टाइम ऑफ कॉन्सन्ट्रेशन' म्हणतो. परीक्षेपुरतं पाठ करतो आणि विसरतो. पण गटाराच्या दृष्टीने सगळं तिथेच आहे. त्याला तुमच्या चोवीस तासांशी काही घेणंदेणं नाही. त्याला फक्त विचारायचंय की पुढच्या पंधरा मिनिटांत किती येणार, बोला.

म्हणजे वेधशाळेचा आकडा एका घड्याळाचा आणि गटाराचा प्रश्न दुसऱ्या घड्याळाचा. एका घड्याळावरून दुसऱ्यावर जायचा पूल म्हणजे हा स्केलिंगचा नियम. आणि त्या पुलाचा एकच खांब, तो घातांक. घातांक १ असेल तर पाऊस सारखा वाटून पडला. माझा व्हायवातला भागाकार तो हाच. घातांक ० असेल तर सगळा एका झटक्यात पडला. खरं शहर या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतं, आणि नेमकं कुठे, यावर पाइपचा व्यास ठरतो.

आता २६ जुलैचे आकडे लावून बघा. वर्गमूळाचा नियम म्हणतो, ९४४ भागिले २४ चं वर्गमूळ. उत्तर १९३. प्रत्यक्षात सुमारे १९०! हे पहिल्यांदा आलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला आणि बाबांना हाक मारली. पण लगेच नाचू नका. आपल्या हायड्रॉलॉजीच्या अभ्यासात भारतासाठी एक सूत्र आहे, एक-तृतीयांशचा नियम. त्यात २४ तासांच्या पावसावरून कमी वेळाचा पाऊस घनमूळाने काढतात. २६ जुलैला ते लावलं तर ९४४ भागिले २.८८, म्हणजे ३२७ मिमी एका तासात. १९० च्या कितीतरी वर. एकाच दिवसाची तीन उत्तरं : ३९, १९३, ३२७. पहिल्याने गटार बांधलं तर शहर बुडेल. तिसऱ्याने बांधलं तर बजेट बुडेल.

इथे कोणी म्हणेल, मग वर्गमूळ घ्या की, जुळतंय ना. नाही! एका दिवसावरून नियम बनवला तर तो नियम नाही, योगायोग. दुसरं वादळ वेगळा घातांक देईल. जुलै २०२४ मध्ये ८ तारखेच्या पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिमीहून जास्त पाऊस पडला. बहुतेक सगळा जोर त्या सहा तासांतच होता. तिथे २६ जुलैचा घातांक वापरून चोवीस तासांचा आकडा काढला तर सहाशेच्या वर जाईल, आणि ते चूक ठरेल. आणि रेषा खालीही कायम सरळ जात नाही. अगदी थोड्या मिनिटांवर आलं की ती वाकते, कारण एका ढगातून एका मिनिटात किती पाणी पडू शकतं याला मर्यादा आहे. म्हणून तर तीव्रतेच्या सूत्रात वेळेमध्ये एक छोटा स्थिरांक मिळवतात. तेव्हा घातांक पुस्तकातून उचलायची वस्तू नाही. तो आपल्या शहरात, आपल्या पावसात, वर्षानुवर्षं पाच-पाच, पंधरा-पंधरा मिनिटांनी मोजून काढायचा असतो.

आता हॉस्टेलवरच्या चर्चेत हमखास येणारे दोन आक्षेप.

पहिला, "गणित सोड गं, नालेसफाई कर म्हणावं." मान्य! प्लास्टिकने भरलेल्या नाल्यापुढे सगळे घातांक शून्य. पण नाला कितीही घासला तरी तो डिझाइनपर्यंतच पोचणार, त्याच्या पलीकडे नाही. पन्नास टँकरचा नाला साफ केला की पन्नास टँकर जाणार. एकशे नव्वद नाहीत. सफाई हा दरवर्षीचा प्रश्न आहे आणि डिझाइन हा पन्नास वर्षांचा. एकाचं नाव घेऊन दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायचं, हे चालणार नाही.

दुसरा आक्षेप, "ढगफुटी झाली, निसर्गापुढे कोणाचं चालतं?" हवामान खात्याच्या व्याख्येत ढगफुटी म्हणजे साधारण २०-३० चौरस किलोमीटरवर तासाला १०० मिमी किंवा जास्त. म्हणजे बघा, ढगफुटीच्या व्याख्येतसुद्धा वेळ आणि जागा दोन्ही आहेत, पण आपण शब्द वापरतो तो नशिबासारखा. निसर्गापुढे चालत नाही हे खरं. पण किती वेळा चालणार नाही, आणि तेव्हा कोणती गल्ली आधी भरेल, हे आधी सांगता येतं. ते सांगणं हेच आपलं काम नाही का? २६ जुलैच्या त्या पावसात महाराष्ट्रात हजाराहून जास्त माणसं गेली. त्यांना 'निसर्ग' एवढंच उत्तर द्यायचं असेल, तर चार वर्षं फी कशाला भरतोय आपण?

जागेचं बोलले, तर तेही सांगते. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ आणि कुलाब्याला फक्त ७३ मिमी. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. त्याच दिवशी विहार तलावावर १,०४९. कोणी म्हणेल, उपनगरात नेहमीच जास्त पडतो. मग ऑगस्ट २०२० बघा. ५ तारखेच्या सकाळपासून चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ३३२ आणि सांताक्रूझला १६२. पारडं उलटं! कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, तिच्या नोंदींबद्दल मला आदर आहे. पण दोन वेधशाळांवरून एवढ्या मोठ्या शहराचा पाऊस सांगणं म्हणजे वर्गातल्या दोन मुलांची उंची मोजून सगळ्यांचे युनिफॉर्म शिवणं. पावसाचा गुच्छ जसा वेळेत असतो तसा जागेतही असतो.

आणखी एक खटकणारी गोष्ट म्हणजे सकाळचे साडेआठ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. देशभर एकाच वेळी मोजायचं तर काहीतरी वेळ ठरवावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण समजा सकाळी आठ ते नऊ असा तासभर तुफान पाऊस झाला. अर्धा कालच्या खात्यात, अर्धा आजच्या. दोन्ही दिवस कागदावर बेताचे, आणि प्रत्यक्षात लोकल बंद! ६४.५ मिमीच्या वर 'जोरदार', ११५.६ च्या वर 'अतिजोरदार', २०४.५ पासून पुढे 'अत्यंत जोरदार', हे सगळं वर्गीकरण चोवीस तासांवर आहे. त्या हिशेबाने दिवसभर रिपरिप पडून झालेले ७० मिमी 'जोरदार', आणि अर्ध्या तासात कोसळून थांबलेले ६० मिमी 'जोरदार' नाहीत. सांगा, यातला कोणता पाऊस सबवे भरतो?

बरं, हे सगळं स्थिर असतं तरी एकदा मोजून काम भागलं असतं. तेही नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. म्हणजे आजोबांच्या काळातल्या नोंदींवरून काढलेली तीव्रतेची रेषा नातवाच्या गटाराला पुरेल याची खात्री नाही. ती पुन्हा-पुन्हा काढावी लागणार.

मग करायचं काय? टीका करून लेख संपवणं सोपं आहे, म्हणून तीन मागण्या लिहिते.

एक. पावसाची बातमी देताना चोवीस तासांच्या आकड्याबरोबर सर्वात जोरदार एका तासाचा आणि पंधरा मिनिटांचा आकडा सांगावा. २००५ नंतर मुंबई महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, ते दर पंधरा मिनिटांनी मोजतात. म्हणजे आकडा आहे, फक्त तो लोकांच्या तोंडी नाही. ज्या दिवशी रिक्षावाले काका म्हणतील, "आज पंधरा मिनिटांत तीस पडला ना," त्या दिवशी नगरसेवकालाही गटाराचा व्यास विचारला जाईल.

दोन. कोणत्याही नव्या पूल-रस्ता-नाल्याच्या डिझाइनमध्ये पावसाची तीव्रता कुठून आणली, कोणत्या सालापर्यंतच्या नोंदींवरून, हे पहिल्या पानावर लिहावं. आणि वॉर्डवार जुन्या नोंदी विद्यार्थ्यांना सहज मिळाव्यात. आपल्या सबमिशनमध्ये आपण वर्षानुवर्षं सीनिअर्सच्या फाइलमधला तोच पाऊस उतरवून काढतोय. घरात बसून पडलेला पाऊस तो!

तीन. आपल्या कॉलेजच्या गच्चीवर एक टिपिंग बकेटचा पर्जन्यमापक बसवावा. खर्च टेक-फेस्टच्या मंडपापेक्षा कमी येईल. दर बॅचने चार महिने मोजायचं, लॉग-लॉगवर टाकायचं आणि आपला घातांक भिंतीवर लिहायचा. पुढच्या बॅचने तो खोडून नवा लिहायचा. दहा वर्षांनी आपल्या कॉलेजकडे असं काही असेल जे कुठल्याच पुस्तकात नाही : आपल्या गल्लीचा पाऊस.

मी स्वतः सुरुवात केली आहे. पाण्याची बाटली वरून कापली, तळाचा गोलावा सिमेंटने भरून सपाट केला, बाहेरून पट्टी चिकटवली आणि बिल्डिंगच्या गच्चीवर ठेवली. एका संध्याकाळी दर पंधरा मिनिटांनी धावत जाऊन वाचून आले. आई ओरडत होती. वॉचमन काका म्हणाले, "ताई, हे काय?" मी म्हटलं, "पाऊस मोजतेय." ते म्हणाले, "तो तर चोवीस तासांनी टीव्हीवर सांगतात." मी त्यांना वही दाखवली. चार वाचनांतल्या एकातच तासाभराचा निम्म्याहून जास्त पाऊस होता. काका वही बघून म्हणाले, "म्हणजे ती मोठी सर आली होती ना, तेव्हाच खाली पंपरूममध्ये पाणी शिरलं." बस्स! जे मला व्हायवात सांगता आलं नाही ते काकांनी एका वाक्यात सांगितलं.

उद्या आपल्यातल्या कुणाच्या तरी सहीने एखाद्या नाल्याचं ड्रॉइंग पास होईल. त्या दिवशी समोर ९४४ सारखा एक मोठा आकडा असेल, घाई असेल, आणि भागाकार फार सोपा असेल. तेव्हा एवढंच आठवा की २४ ने भागून येणारा पाऊस कुठल्याच गल्लीत पडत नाही.

आणि सर, पुढच्या व्हायवाला तोच प्रश्न पुन्हा विचारा. या वेळी मी आधी उलट विचारणार आहे : "किती वेळाचा, सर?"